ग्रह संपल्यानंतरचा अल्बम

बँड जुना. किती जुना, तर पहिल्या अल्बमच्या वेळी ज्या पोरी स्टेजपुढे नाचता नाचता भोवळ येऊन पडायच्या, त्यांचे आता गुडघे बदलून झालेत. चौघं जण. चौघंही सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. आणि चौघांनी जन्मभर एकच उद्योग केला: स्टेजवर धूर सोडायचा, निळे दिवे लावायचे, एकच सूर धरून ठेवायचा आणि समोरच्या लोकांना अंतराळात न्यायचं. लोकही जायचे बापडे. परत येईपर्यंत शेवटची बस चुकायची, एवढीच काय ती तक्रार.

प्रत्येक अल्बम एका ग्रहावर करायचा ही कल्पना कप्तानाची. कप्तान म्हणजे गिटार वाजवणारा आणि गाणारा. बँडचा पुढारी तोच, निदान त्याची तरी तशी समजूत होती. ड्रमवर ढम्या. बेसवर मुका, तो मुका अजिबात नव्हता, पण बोलायचं त्याच्या जिवावर यायचं. आणि मागे, धुरात सगळ्यात शेवटी, बटणं फिरवत बसलेला बटण्या. ही गोष्ट त्याची आहे, पण गोष्टीतसुद्धा त्याला पुढे यायला जरा वेळच लागणार.

तर सूर्याजवळच्या ग्रहापासून सुरुवात करून एकेक ग्रह मागे टाकत हे लोक निघाले. आठ ग्रह झाले. नवव्याची अर्धी गाणी बांधून तयार होती, आणि शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की तो मुळी ग्रहच नाही. आता बोला! कप्तानाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "इतकी वर्षं होता आणि आता नाही म्हणजे काय? ह्यांच्या घरचा आहे काय तो?" तो म्हणाला, आपण ग्रहच म्हणायचं. ढम्या म्हणाला, लोक हसतील. आणि इथंच घोडं पेंड खात होतं, कारण बँडचा पहिल्या दिवसापासूनचा रिवाज होता, की कुठलीही गोष्ट चौघांच्या एकमतानं करायची. एकानं जरी 'नाही' म्हटलं तरी ते काम तिथंच थांबायचं. तरुणपणी झिंगेत घातलेला नियम, पण पाळला मात्र त्यांनी देवाच्या नेमासारखा. अल्बम लटकला तो लटकलाच. शास्त्रज्ञ आपलं मत बदलतील म्हणून कप्तान वाट बघत राहिला. शास्त्रज्ञ काही बदलले नाहीत. कप्तानाचा चष्मा तेवढा बदलत गेला.

मग मध्येच केव्हातरी जुन्या गोष्टींची फॅशन आली. एका रेकॉर्ड कंपनीतला दाढीवाला तरुण साहेब ह्यांना शोधत आला आणि म्हणाला, काहीही करा, पण एक अल्बम करा. एवढं कौतुक ऐकायची सवय सुटलेली होती. कप्तान असा काही हरभऱ्याच्या झाडावर चढला, की त्याला लगेच तोडगाही सुचला: नववा ग्रह सोडून द्यायचा, तो असो की नसो, आणि सरळ पुढे जायचं. अल्बमचं नाव 'ग्रहांच्या पलीकडे'.

"पेन्शनच्या पलीकडे म्हण," ढम्या म्हणाला. पण विरोध केला नाही. मुक्यानं मान हलवली. बटण्या 'हो' म्हणाला.

बटण्यानं 'हो' म्हणायला त्याचं स्वतःचं एक कारण होतं, आणि त्याचा अंतराळाशी काही संबंध नव्हता. त्याला वाटत होतं, हा आपला शेवटचा अल्बम. आणि हा एक तरी आपल्या मुलीनं पहिल्यापासून शेवटपर्यंत, आपल्यासमोर बसून ऐकावा. बस्स, एवढंच! जगानं डोक्यावर घेतलं होतं त्याला एके काळी. पण घरातल्या एकुलत्या एका पोरीनं त्याचं एकही गाणं कधी पुरतं ऐकलं नव्हतं.

ती लहान असताना तो बाहेरच्या खोलीत आपलं यंत्र सुरू करायचा. यंत्र म्हणजे त्यानं तरुणपणी स्वतःच्या हातानं जोडलेलं एक लाकडी खोकं, मोडक्या रेडिओंचे अवयव घालून केलेलं. बँडचा जो म्हणून खास आवाज, तो त्या खोक्यातून यायचा. तसा आवाज पुन्हा कुणाला जमला नाही. तर यंत्र सुरू झालं की ही पोर तोंड वाकडं करायची, कान झाकायची आणि गॅलरीत पळायची. रोजच. एकदा तिला हौसेनं कार्यक्रमाला नेलं, तर रडून रडून तिनं असा काही गोंधळ घातला, की तिच्या आईला तिला घेऊन पहिल्याच गाण्याला परत यावं लागलं. बटण्याच्या मनाला फार लागलं, पण मूग गिळून गप्प बसला. पोरीला आपलं आवडत नाही, काय करणार? जबरदस्ती थोडीच करता येते?

पुढे पोरगी दातांची डॉक्टर झाली. ह्यातली गंमत बघा: दिवसभर लोकांच्या तोंडात ती ड्रिलची किरकिर मजेत ऐकायची, आणि बापाचं संगीत मात्र पाच मिनिटं सहन व्हायचं नाही! बटण्यानं तेही पोटात घातलं. बापलेकीत वितुष्ट नव्हतं हो. येणं-जाणं होतं, प्रेम होतं. पण बोलणं व्हायचं ते सगळं दातांवर.

तर स्टुडिओत काम सुरू झालं. कंपनीनं एक साउंड इंजिनिअर दिली होती, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मुलगी. कामाला चोख, बोलायला गोड, चौघांनाही काका म्हणायची. पण बटण्याच्या एक गोष्ट लक्षात आली. त्याचं यंत्र सुरू झालं की पोरगी हेडफोन काढायची. कपाळ चोळायची. कधी पाणी प्यायला म्हणून उठायची ती लवकर यायचीच नाही. एके दिवशी तर तिच्या कानात चक्क कापसाचे बोळे दिसले.

बटण्याचं डोकंच फिरलं. घरी एक होतीच, आता इथंही!

"हे बघ बाळ," तो म्हणाला, "आवडत नसेल तर तोंडावर सांगावं माणसानं. कापूस कसला घालतेस?"

पोरगी कानकोंडी झाली. "नाही हो काका! गाणं मस्तच आहे. ती शिट्टी सहन होत नाही फक्त."

"कसली शिट्टी?"

तिनं चौघांच्या तोंडाकडे पाहिलं. आधी तिला वाटलं चेष्टा चाललीय. मग तिच्या ध्यानात आलं, आणि ती जरा घाबरलीच. "काका... तुम्हाला ऐकू येत नाही? कुणालाच?"

तिनं त्यांना कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बोलावलं. पडद्यावर गाणं पसरलं होतं, खाली दाट रंग, वर विरळ. आणि अगदी वरच्या अंगाला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, फूटपट्टीनं आखावी तशी एक सरळ रेघ. चौघं म्हातारे चष्मे वर-खाली करत वाकले.

"पडदा पुसून बघ," ढम्या म्हणाला.

तिनं बटण्याला यंत्र बंद करायला सांगितलं. रेघ गेली. सुरू करायला सांगितलं. रेघ आली. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. चौघांनी कान टवकारले, श्वास रोखले, कप्तानानं तर स्पीकरला कान लावला. कुणाला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

"वरच्या पट्टीतले आवाज वयाबरोबर सगळ्यात आधी जातात," पोरगी समजावून सांगायला लागली. "सगळ्यांचेच जातात. त्यातून तुम्ही जन्मभर एवढाल्या स्पीकरपुढे उभे राहिलात. तुमचे तर तरुणपणीच गेले असणार. मी जुने अल्बम काढून बघितले काका. सगळ्यांत आहे ती. पहिल्यापासून."

कप्तान रागावला, ढम्या हसत सुटला, मुका बाहेर जाऊन उभा राहिला. बटण्या मात्र होता तिथं खुर्चीत बसला. गॅलरीत पळणारी ती एवढीशी पोर त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. अरे देवा! तिला गाणं नकोसं नव्हतंच. तिच्या कानात सुई टोचत होती, आणि आपण रोज संध्याकाळी हौसेनं ती टोचत होतो. आणि वर तिच्यावर रुसत होतो!

घरी आल्या आल्या त्यानं बायकोला विचारलं, "तुला कधी शिट्टी ऐकू यायची का गं? माझ्या यंत्रातून?"

"यायची की," बायको म्हणाली. "अलीकडे नाही येत. पूर्वी फार यायची."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं ते तुमच्या गाण्यातच आहे. तुमच्यात चूक कुठली नि चाल कुठली, हे कुणाला कळायचं?"

बटण्यानं कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी तो लेकीच्या दवाखान्यात गेला. बाहेर पेशंटांची रांग. लेकीनं त्याला आत घेतलं आणि बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून दातांच्याच खुर्चीवर बसवलं. बसवल्यावर सवयीनं दिवाही ओढला. "आ करा," ती म्हणाली.

"मी दात दाखवायला नाही आलोय."

"आला आहात ना, मग करा आ. मागची दाढ बघू द्या."

त्यामुळे जन्मभराचं महत्त्वाचं बोलणं बटण्याला तोंडात आरसा घेऊन करावं लागलं. लेकीनं तो शेवटी बाहेर काढला तेव्हा कुठे त्याला धड विचारता आलं.

लेक हातमोजे काढता काढता थांबली. "शिट्टी? हो... होती ना. डोक्यात आरपार जायची. मला वाटायचं, सगळ्यांनाच तसं होतं आणि सगळे सहन करतात. मीच एकटी रडकी."

"मग सांगायचंस ना गं!"

"काय सांगणार बाबा? तुम्ही इतके खुशीत असायचात ते सुरू केल्यावर."

बटण्या म्हणाला, "मी इतकी वर्षं समजत होतो की तुला माझं आवडत नाही."

"आवडतंय की नाही हे कळायला आधी ऐकायला नको का?" लेक हसली, पण तिचेही डोळे जरा भरून आले होते. "काढून टाका ती शिट्टी. मी येते. पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून ऐकते. आणि नाही आवडलं तर सरळ सांगणार हं."

"सांग ना! अगदी तोंडावर सांग!" बटण्या खुर्चीतून असा उठला, की डोकं दिव्यावर आपटलं.

आता शिट्टी काढणं काही अवघड नव्हतं. इंजिनिअर पोरगी म्हणाली, रेघ दिसतेच आहे, नेमकी तेवढी पुसून टाकता येईल, बाकीच्या आवाजाला धक्काही लागणार नाही. अडचण होती ती रिवाजाची. चौघांचं एकमत हवं.

ढम्या म्हणाला, काढा. मुक्यानं मान हलवली. कप्तान म्हणाला, "नाही."

झालं होतं असं, की कंपनीच्या दाढीवाल्या साहेबानं मधल्या काळात गाणी ऐकली होती. आणि तो त्या शिट्टीवर लट्टू झाला होता. म्हणाला, असं निर्दय काहीतरी आजकालच्या पोरांना हवंच असतं, ही शिट्टी म्हणजे साक्षात पोकळीची हाक. कप्तानानं 'पोकळीची हाक' हे शब्द उचलले आणि एका रात्रीत त्यांचा मालकच झाला.

"अरे पण तुला ती ऐकू तरी येते का?" बटण्या म्हणाला.

"ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. ती आपली ओळख आहे."

"परवापर्यंत तुला माहीत नव्हती ती ओळख!"

"माणसाला स्वतःची ओळख उशिराच पटते," कप्तान म्हणाला. असलं काहीतरी बोलायला तो जन्मभर पटाईत होता.

बटण्यानं मग अभिमान गुंडाळून ठेवला आणि खरं कारण सांगितलं. मुलीचं. गॅलरीचं. कप्तानानं ऐकून घेतलं, त्याला वाईटही वाटलं, तो काही दगड नव्हता. पण म्हणाला, "तुझ्या एका पोरीसाठी सगळं अंतराळ गप्प करायचं का?" आणि 'नाही' ते 'नाही'च राहिलं. नवव्या ग्रहाच्या वेळी ढम्याचा नकार त्यानं पाळला होता, आता त्याचा नकार पाळणं बाकीच्यांना भाग होतं. बटण्या दारापर्यंत गेला, परत आला, आणि यंत्राला चादर घालून निघून गेला.

इंजिनिअर पोरीला त्याची दया आली. जाता जाता तिनं त्याच्या हातात दोन सीडी ठेवल्या, पांढऱ्या कागदी पाकिटांत घातलेल्या. एकावर लिहिलं होतं 'शिट्टीसह', दुसऱ्यावर 'स्वच्छ'. "ही दुसरी फक्त ताईंसाठी," ती म्हणाली. "कप्तानकाकांना सांगू नका."

बटण्यानं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. घरी गेला, आणि त्याला राहवलं नाही. आधी एक लावली. मग दुसरी लावली. डोळे मिटून, कान देऊन, शेजारी बायकोला बसवून ऐकली. फरक कळतो का बघू म्हणून पुन्हा पहिली लावली, मग पुन्हा दुसरी. बायको म्हणाली, दोन्ही अगदी सारख्या आहेत, आणि आता पुरे करा, माझं डोकं उठलं. तेव्हा त्यानं दोन्ही उचलल्या आणि आपापल्या पाकिटांत घालून ठेवल्या. निदान आपापल्याच पाकिटांत घातल्या, अशी त्याची खात्री होती.

अल्बम बाजारात आला आणि जे व्हायला नको तेच झालं: तो गाजला. ज्यानं त्यानं शिट्टीबद्दल लिहिलं. एकानं लिहिलं, 'ह्या वयात इतकं क्रूर संगीत करायला छाती लागते.' एकानं तिला रुपेरी सुई म्हटलं. कार्यक्रमांना कॉलेजातली पोरं यायला लागली, आणि यंत्र सुरू होताच कान झाकून आनंदानं किंचाळायला लागली. जे जुने भक्त होते, साठीच्या पुढचे, ते मात्र म्हणत होते की छान आहे, म्हाताऱ्यांनी बरंच शांत काहीतरी केलंय. दोन्ही पक्षांची एकमेकांशी भांडणं लागली. कप्तान मुलाखती देत सुटला. एकीत तर तो म्हणाला, "ती शिट्टी आम्ही जाणीवपूर्वक चाळीस वर्षं जपली." ढम्या म्हणाला, ह्याला कोणीतरी आवरा, नाहीतर हा आता ती स्वतःच्या तोंडानं वाजवून दाखवेल.

बटण्याला ह्या सगळ्याशी कर्तव्य नव्हतं. तो लेकीची वाट बघत होता. लेकीच्या मागे पेशंट, घर, नाना भानगडी. येते येते म्हणून दोनदा राहून गेलं. बटण्या फोनवर म्हणायचा, "सावकाश ये गं, काही घाई नाही," आणि फोन ठेवला की बायकोवर चिडचिड करायचा.

शेवटी एका रविवारी दुपारी ती आली. बायकोनं कॉफी केली आणि शहाणपणानं शेजारच्यांकडे जाऊन बसली. बटण्यानं पंखा कमी केला, खिडकी लावली, पुन्हा उघडली, लेकीला चांगली खुर्ची दिली, मग ती स्पीकरच्या फार जवळ आहे म्हणून मागे सरकवायला लावली. 'स्वच्छ' लिहिलेल्या पाकिटातून सीडी काढून लावली. आणि बसला. हातात कॉफीचा कप, आणि लक्ष सगळं लेकीकडे.

पहिलं गाणं सुरू झालं. त्याच्या यंत्राचा तो लांबलचक सूर हळूहळू खोलीभर पसरला. बटण्या लेकीच्या हातांकडे बघत होता. हात मांडीवर होते. तिथंच राहिले. चेहरा शांत. कपाळाला आठी नाही. पहिलं गाणं संपलं, दुसरं लागलं, आणि लेक बसलेली! बटण्याचा ऊर असा काही भरून आला, की कॉफी प्यायची राहून तिच्यावर साय धरली.

तिसऱ्या गाण्यात ती म्हणाली, "हे जरा लांबलंय बाबा."

बटण्या हरखलाच. टीका! पोटच्या पोरीनं केलेली पहिली टीका! "लांबलंय कसं? अगं, तिथं आपण सूर्याच्या उजेडाबाहेर पडतो. पटकन कसं पडणार?"

"तरी पण. तेच तेच चाललंय."

"तेच तेच नाही ते! नीट ऐक. खालचा सूर बदलतोय."

"मला नाही कळला बदललेला."

"तुला दातांतलंच कळायचं," बटण्या म्हणाला, आणि दोघं खळखळून हसले. कितीतरी वर्षांत असे हसले नव्हते. पुढच्या गाण्यात मध्येच सगळे थांबतात आणि बटण्याचं यंत्र एकटंच उरतं, तिथं लेक पुढे वाकली. ते संपल्यावर म्हणाली, "हे आवडलं मला. खरंच आवडलं. हे तुम्ही एकट्यानं केलंत?"

बटण्यानं नुसती मान हलवली.

शेवटचं गाणं लागलं आणि दाराची बेल वाजली. नात आली होती, आईला न्यायला. कॉलेजात जाणारी, उंच, सतत घाईत. लेकीनं उठून दार उघडलं, ओठांवर बोट ठेवून तिला गप्प राहायला सांगितलं आणि परत येऊन खुर्चीत बसली. नात दोन पावलं आत आली, आणि तिचा चेहरा पिळवटला.

"आजोबा! काय लावलंयस हे! बंद कर ना, डोकं फुटेल माझं!"

"अगं, हळू," लेक म्हणाली. "शेवटचंच गाणं आहे."

"गाण्याचं काही नाही, पण ती शिट्टी!"

लेकीनं मोठ्या ऐटीत सांगितलं, "शिट्टी नाहीये ह्यात. बाजारात मिळते त्यात आहे. ही आजोबांनी माझ्यासाठी खास करून घेतलीय, शिट्टी काढून."

नातीनं आईकडे पाहिलं, मग आजोबांकडे. तिला वाटलं, दोघं मिळून आपली गंमत करतायत. "आई, सगळ्या खोलीत भरलीय ती. तुला खरंच ऐकू येत नाहीये?"

गाणं तेवढं चालू होतं. बटण्यानं टेबलावरच्या दोन पाकिटांकडे पाहिलं. सीड्यांची अदलाबदल त्यानंच केली होती, ते आता उघड होतं. पण तेवढंच असतं तर त्यानं स्वतःला दोन शिव्या दिल्या असत्या आणि दुसरी सीडी लावली असती. वरचे आवाज आधी जातात, सगळ्यांचेच जातात, असं त्या इंजिनिअर पोरीनं स्पष्ट सांगितलं होतं. त्यानं ते स्वतःपुरतं ऐकलं, बायकोपुरतं ऐकलं. लेकीचं वय त्यानं धरलंच नव्हतं. लेक ती लेक, तिचं कसलं वय?

लेक डॉक्टर होती. तिला फार समजावून सांगावं लागलं नाही. ती हलक्या आवाजात म्हणाली, "ड्रिल. दिवसभर कानाशीच असतं. आमच्यातल्या बऱ्याच जणांचं होतं असं." मग म्हणाली, "वय पण झालंच की आता."

"तुझं कसलं वय झालंय!" बटण्या एकदम ओरडला. तो उठला आणि बंद करायला गेला, पण लेकीनं त्याचं मनगट धरलं.

"राहू द्या बाबा. शेवटपर्यंत ऐकते म्हटलं होतं ना? संपू द्या."

"मी खाली थांबते," नात कान झाकूनच म्हणाली आणि दार ओढून गेली.

बटण्या लेकीच्या शेजारी बसला. तिनं त्याचा हात सोडला नव्हता. तिच्या केसांत कानाजवळ कितीतरी पांढरे दिसत होते. इतक्या जवळून, इतका वेळ ती त्याच्यापाशी कधी बसलीच नव्हती, त्यामुळे त्यानं ते पाहिलेही नव्हते. जन्मभर त्यानं एकच गोष्ट मागितली होती, की पोरीनं बसावं आणि शेवटपर्यंत ऐकावं. ती आता मिळत होती. आणि तो मनातल्या मनात देवाला विनवत होता, की तिनं आत्ताच्या आत्ता तोंड वाकडं करावं, चिडावं, बंद करा म्हणून ओरडावं आणि पळून जावं.

ती काही उठली नाही.